नेवेच्या बर्फावरची ट्राम

1895 चा हिवाळा. सेंट पीटर्सबर्गच्या मधोमध वाहणारी नेवा नदी दरवर्षीसारखी गोठली होती. त्या वर्षी बर्फावर माणसं कामाला लागली. लांब लाकडी स्लीपर थेट बर्फावर आडवे टाकले, त्यांवर रूळ ठोकले, कडेने बर्फातच खांब गोठवून उभे केले आणि त्यांवरून तार ओढली. मग वीसेक माणसांचा एक छोटा डबा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने या काठावरून त्या काठावर जायला लागला. रशियाच्या राजधानीत लोकांनी रोज तिकीट काढून वापरलेली पहिली विजेची ट्राम ती हीच. मार्चमध्ये बर्फ दगा द्यायच्या आत रूळ, खांब, तारा सगळं उपसून काठावर आणायचं आणि पुढच्या हिवाळ्यात नव्याने मांडायचं, असा हा बिऱ्हाडाचा खटाटोप 1910 पर्यंत चालला.

एवढा उपद्व्याप कशासाठी? शहरात रस्ते नव्हते असं नाही. ते रुंद होते, सरळ होते आणि त्यांवर रूळही होते. अडचण अशी की त्या रुळांवर घोड्यांचा हक्क होता.

पीटर्सबर्गमध्ये प्रवाशांसाठी घोड्यांची ट्राम 1863 मध्ये सुरू झाली, शहराचा मुख्य रस्ता असलेल्या नेव्स्की प्रॉस्पेक्टवर. डबे दुमजली. खाली बसायला जास्त पैसे, वर उघड्यावर कमी. वरचा जिना अरुंद आणि उभा, त्यामुळे बायकांनी वर चढणं असभ्य ठरवून त्यांना बराच काळ मनाई होती. ती उठली 1903 मध्ये. पुलाचा चढ आला की डबा ओढणाऱ्या घोड्यांना दम लागे. तिथे जादा घोडे घेऊन एक पोरगा तयारच असे. तो ते पुढे जुंपून द्यायचा, आणि चढ संपला की सोडवून परत खाली यायचा, पुढच्या ट्रामसाठी. दिवसभर एवढंच काम. घोड्यांच्या या कंपन्यांशी शहराने लांब मुदतीचे करार केले होते आणि रस्त्यावरून रुळांवर प्रवासी नेण्याचा मक्ता त्यांच्याकडे होता. विजेची ट्राम आली तर तबेले, घोडे, चारा, सगळं भांडवल मातीमोल होणार हे त्यांना चांगलं कळत होतं. कराराचा कागद त्यांनी घट्ट धरून ठेवला.

याचा सगळ्यात कडू घोट प्यावा लागला तो फ्योदर अपोलोनोविच पिरोत्स्की यांना. हे तोफखान्यातले अधिकारी, जन्म 1845 चा. 1875 मध्ये त्यांनी शहराजवळच्या सेस्त्रोरेत्स्क इथे रेल्वेच्या रुळांतूनच वीज सुमारे किलोमीटरभर पुढे नेऊन दाखवली. पाच वर्षांनी, 22 ऑगस्ट 1880 रोजी (आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे 3 सप्टेंबर), पीटर्सबर्गच्या रोझदेस्त्वेन्स्की ट्राम डेपोत त्यांनी घोड्यांचाच एक दुमजली डबा घेतला, त्याच्या पोटाखाली मोटर टांगली, रुळांत वीज सोडली आणि डबा चालवला. प्रयोग काही आठवडे चालले. चाळीस प्रवासी घेऊन डबा गेल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी, मे 1881 मध्ये, बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड इथे सीमेन्सची ट्राम सुरू झाली. तिलाही वीज रुळांतूनच मिळत होती. सीमेन्स बंधूंपैकी कार्ल यांचा पीटर्सबर्गशी जुना व्यापारी संबंध होता, त्यामुळे पिरोत्स्कींची कल्पना कुणी उचलली का, यावर रशियात आजही चवीने बोललं जातं. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. रुळांतून वीज नेण्यात मुळातच खोट होती. लिख्टरफेल्डला रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसत. पीटर्सबर्गचा चिखल आणि वितळता बर्फ यांत तर वीज जमिनीत मुरायला वेळ लागला नसता. तारा वर न्याव्या लागल्याच असत्या. पिरोत्स्कींना पैसा मिळाला नाही हे मात्र खरं. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते दक्षिणेकडे आल्योश्की या गावी गेले आणि 1898 मध्ये तिथेच वारले. अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते, सामान गहाण टाकून तो उरकला.

त्या दशकात साम्राज्यातली दुसरी शहरं पुढे जात होती. कीवमध्ये 1892 मध्ये विजेची ट्राम धावली, निझ्नी नोव्हगोरोदमध्ये 1896 मध्ये, मॉस्कोत 1899 मध्ये. राजधानी मात्र घोड्यांच्या मागे. अशा वेळी पोदोबेदोव यांच्या कंपनीला पळवाट दिसली. मक्ता रस्त्यांचा होता. नदीवरचा बर्फ कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हता. शिवाय गिऱ्हाईक हमखास होतं, कारण हिवाळी राजवाड्याजवळून नदीपार जाणारा कायमचा पूल तेव्हा नव्हता. तिथला पूल वाहतुकीला खुला झाला तो थेट 1916 मध्ये. हिवाळ्यात लोक बर्फावरून पायी जात, नाहीतर खुर्चीच्या घसरगाडीत बसत आणि स्केट बांधलेला माणूस मागून ढकलत नेई. त्यापेक्षा ट्राम स्वस्त, आणि उबदार नसली तरी झटपट. राजवाड्याच्या धक्क्यावरून समोरच्या मितनिन्स्काया धक्क्याकडे जाणारा तिचा मार्ग नकाशावर पाहिला की गंमत वाटते. कंदिलाच्या काळातल्या कराराला विजेच्या काळात दिलेली ती बगल होती.

रस्त्यांवरचा तिढा सुटला तो पैशानेच. शतक संपता संपता आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने घोडाट्रामचे मार्ग एकेक करून ताब्यात घेतले. बांधणीचं काम अमेरिकी वेस्टिंगहाऊसला मिळालं आणि तांत्रिक धुरा गेन्रिख ग्राफ्तिओ या अभियंत्याकडे आली. (पुढे वोल्खोव नदीवरचं सोव्हिएत काळातलं गाजलेलं जलविद्युत केंद्रही त्यांनीच उभारलं, ते 1926 मध्ये सुरू झालं.) 16 सप्टेंबर 1907 रोजी, नव्या दिनदर्शिकेप्रमाणे 29 तारखेला, अलेक्झांडर उद्यानापाशी समारंभ झाला. पहिला डबा ग्राफ्तिओंनी स्वतः चालवला. मार्ग जनरल स्टाफच्या इमारतीपासून निकोलायेव्स्की पुलावरून वासिलियेव्स्की बेटाकडे.

डबे आले होते इंग्लंडमधल्या लफबरो इथल्या ब्रश कंपनीकडून. मुंबईकरांनी इथे कान टवकारावेत. 1905 मध्ये मुंबईत बॉम्बे ट्रामवेज कंपनी, महापालिका आणि हीच ब्रश कंपनी यांच्यात करार होऊन आजच्या ‘बेस्ट’चा पाया घातला गेला. मुंबईची पहिली विजेची ट्राम 7 मे 1907 रोजी सुटली, म्हणजे पीटर्सबर्गच्या रस्त्यावरच्या ट्रामच्या चार-पाच महिने आधी. मुंबईतही घोड्यांची ट्राम होती, 1874 पासून. पण इथे जुनी कंपनी नव्या व्यवहारातच सामावली गेली आणि वर्षानुवर्षांचं अडवून धरणं टळलं. झारच्या राजधानीपेक्षा ब्रिटिशांची वसाहत या एका बाबतीत चपळ निघाली.

विजेच्या ट्रामने पीटर्सबर्गला दिलेली एक गोष्ट पुढे त्या शहराची ओळखच बनली. उत्तरेतला हिवाळ्याचा दिवस आखूड, दुपार सरता सरता अंधार पडतो. धुक्यात, हिमवर्षावात दुरून येणाऱ्या ट्रामचा क्रमांक वाचणार कसा? म्हणून डब्याच्या कपाळावर दोन रंगीत दिवे लावायला सुरुवात झाली. प्रत्येक मार्गाची रंगांची जोडी ठरलेली: एकाची लाल-निळी, तर दुसऱ्याची आणखी काही. आकडे न वाचता येणाऱ्या मजुरालाही आपली ट्राम लांबूनच कळायची. मार्ग वाढले तशा जोड्या गुंतागुंतीच्या झाल्या, तरी जुने रहिवासी त्या पाठ म्हणून दाखवत.

घोडे एकदम गेले नाहीत. विजेच्या तारा मध्यवस्तीतून बाहेर सरकत गेल्या तसतशी घोडाट्राम उपनगरांकडे रेटली गेली, आणि कडेच्या मार्गांवर ती 1917 पर्यंत चालू होती. नेव्स्कीवर विजेचे डबे खणखणत असताना शहराच्या टोकाला कुणी गाडीवान अजून चाबूक वाजवत होता. त्या वर्षी झार गेला, आणि मग घोडाट्रामही गेली.