एकोणचाळीस अंकांची पंचाहत्तर वर्षं

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी एक मूळ संख्या जाहीर केली. २ च्या १२७व्या घातातून १ वजा केला की ती मिळते: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. आपली जुनी मोजणी परार्धापाशी थांबते. इथे परार्धाला परार्धाने गुणून वर सतरा हजारांनी गुणावं लागतं. पुढची ७५ वर्षं हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

पॅरिसच्या मारँ मेर्सेन या धर्मगुरूने मूळ संख्या देणाऱ्या घातांच्या यादीत १६४४ मध्येच या घाताचं नाव घेतलं होतं. पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हेही घात होते, आणि ते दोन्ही चुकीचे निघाले. तेव्हा त्याच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

मग तपासायचं कसं? या ३९ अंकी संख्येला विभाजक असेलच तर त्याला २५४ ने भागून बाकी १ उरायला हवी, हे माहीत होतं. तेवढेच उमेदवार घेतले आणि सेकंदाला एक भागाकार केला, तरी दीडशे कोटींहून जास्त वर्षं लागतील! ल्युकांनी विभाजक शोधायचा नादच सोडला. त्यांच्या कसोटीला डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिलं, ते असं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा; त्या बाकीवर पुन्हा तेच. उदाहरणार्थ, २ च्या ७व्या घातातून १ गेला की १२७ उरतात. त्यासाठी बाक्या येतात ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग शून्य. शून्य आलं की संख्या मूळ. आपल्या ३९ अंकी संख्येसाठी हेच १२५ वेळा. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ल्युकांनी द्विमान पद्धत घेतली आणि १२७ बाय १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट योजला. हनोईच्या मनोऱ्यांचं कोडं रचणारा माणूस तो, गणितातही खेळ शोधणारच.

६७व्या घाताची संख्या मूळ नाही, हेही ल्युकांनी १८७६ मध्येच दाखवलं, एकही विभाजक हाती नसताना. ते दोन विभाजक, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. माझ्या मते, गुन्हेगार न सापडता गुन्हा सिद्ध करणारी ही कसोटी त्या विक्रमाहून मोठी.

विक्रम १९५१ मध्ये मोडला. गणिती फेरिए यांनी टेबलावरच्या गणकयंत्राने ४४ अंकी मूळ संख्या काढली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी संख्या मिळाली. तीही ल्युकांच्याच संख्येचा वर्ग करून, १८० ने गुणून, १ मिळवून! १९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन यांनी ल्युका-लेहमर कसोटी संगणकावर चढवली आणि पहिल्याच यशात १५७ अंक गाठले. २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या संख्येत ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत, आणि तिच्यावर अखेरची मोहोर उमटली ती याच कसोटीची.

हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये मात्र ल्युकांची ३९ अंकी संख्याच आजही सर्वांत मोठी आहे.