भरलेली गाडी, घाटाचा उतार

सात माणसं आणि टपावर सामान घेऊन वरंधा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात ठेवा, वेग इंजिनालाच रोखू द्या. ब्रेक सतत दाबून धरला तर ब्रेक ऑइल तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर जिवाशी खेळ.

ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, खरखर ऐकू येते. हे एबीएसचं काम. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच धरा आणि स्टिअरिंग वळवा. चाकं लॉक होत नाहीत म्हणून गाडी वळते.

चाक जागीच फिरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतं. चिखलात रुतलेली गाडी काढताना मात्र ते तेवढ्यापुरतं बंद करावं.