अकोल्याचा श्वास: दिवसाला शंभर मालगाड्या!

अकोल्यातलं हजार चौरस फुटांचं एक साधं घर घ्या. कपाटं, पलंग, माणसं, सगळं बाहेर काढा. आत उरली फक्त हवा. तिचं वजन किती असेल? तीन क्विंटल! कापसाच्या भाषेत बोलायचं तर बैलगाडीत ठासून भरावा एवढा माल आपल्या डोक्याभोवती तरंगत असतो आणि आपण म्हणतो, खोली रिकामी आहे.

आता ही हवा शिळी होते. ती दर दोन तासांनी बदलावी असं धरू. म्हणजे तासाला दीड क्विंटल ताजी हवा आत, दीड क्विंटल जुनी बाहेर. दिवसाला 36 क्विंटल. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत 360 टन! मालगाडीच्या एका डब्यात साधारण साठ टन माल मावतो, तेव्हा एकाच घराने सहा डबे हवा ओढली. दहा घरांनी मिळून अख्खी मालगाडी. 2011 च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांवर होती, म्हणून आपण गोळाबेरीज एक लाख घरं धरू. लाख घरं, उन्हाळाभरात दहा हजार मालगाड्या! रोजच्या शंभर! एक गाडी साडेसहाशे मीटर लांब, तर एका दिवसाची रांग 65 किलोमीटर. तीन दिवसांच्या गाड्या एकामागे एक लावल्या की शेवटचा डबा मुंबईत आणि इंजिन पुण्यात. पूर्ण उन्हाळ्याच्या गाड्यांत मुंबई-पुणे रेल्वेमार्ग चौतीस वेळा झाकून निघेल.

आणि हवा कसली? मे महिन्यातली अकोल्याची! 2024 च्या मेमध्ये इथे पारा 45 च्या पुढे गेला आणि प्रशासनाने उन्हापायी चक्क कलम 144 लावलं. अशा भर दुपारी घरात 27 अंश राखायचे असतील, तर आत येणाऱ्या प्रत्येक किलो हवेतून 18 अंश उतरवायचे. एका घरासाठी हे पाऊण किलोवॅटचं काम, म्हणजे दिवाणखान्यात कुणी इस्त्री चालू ठेवून विसरून गेल्यासारखं. लाख घरांच्या लाख इस्त्र्या: 75 मेगावॅट!

इथे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन नावाचं यंत्र पुढे येतं. बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी तापलेली हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात, एकमेकींत मिसळत नाहीत, पण जाता जाता गारवा इकडून तिकडे सोपवला जातो. चांगलं यंत्र पाऊण गारवा वाचवतं. जर्मनीत डार्मस्टाटला 1991 साली बांधलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत भागणाऱ्या घरापासून, हे यंत्र तिथे अशा घरांच्या ऊर्जा-गुणांकनाचा कणा होऊन बसलं आहे.

मग अकोल्याच्या घरालाही ऊर्जा-गुणांकनाचे तारेच तारे मिळणार? थांबा, वजाबाकी करू. रात्र-दिवस सरासरी काढली तर हवेबरोबर घरात रोज नऊ युनिट उष्णता शिरते. एसी एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे वीज लागली तीन युनिट. यंत्राने त्यातली सव्वादोन वाचवली. पण त्याचे पंखे चोवीस तास फिरतात आणि सव्वा-दीड युनिट स्वतःच गिळतात! हातात उरलं रोजचं जेमतेम एक युनिट, उन्हाळ्याचे पाऊणशे ते शंभर. युनिटला दहा रुपये धरले तर फार फार तर हजार रुपये. घराचे तारे ठरतात ते दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट लागतात यावर, आणि आपलं घर आहे 93 चौरस मीटरचं. दहा हजार मालगाड्या हलवून मोजपट्टीवरचा आकडा सरकला एकाने! एकाने!!

जर्मनीत हिवाळा सहा-सात महिने बसकण मारतो, आत 20 आणि बाहेर सरासरी पाच अंशांच्या आसपास. तिथे हेच यंत्र दर चौरस मीटरला वीसेक युनिट उष्णता वाचवतं. आपल्याकडे वैरी हवा नाहीच, वैरी डोक्यावर आहे. उन्हात भाजलेला उघडा स्लॅब या एवढ्याच घरात संध्याकाळी आठ-आठ किलोवॅट ओततो, हवेच्या दहापट. 2018 च्या इको निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमांनी, भिंती, खिडक्या आणि छतावर बोट ठेवलं ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर ज्याला तारे हवे असतील त्याने आधी गच्चीला पांढरा चुना मारावा.

आणि शेवटी आपला कूलर. खिडकीत बसवलेला मोठा कूलर यंत्राची दिवसभराची हवा तासाभरात आत ढकलतो, आणि ती उघड्या दारातून बिनदिक्कत जाऊही देतो! वाचवायचं काही नाही, फक्त पाणी पाजायचं. एक लिटर पाणी वाळताना दोन तृतीयांश युनिट उष्णता पिऊन जातं. दिवसाला शंभर लिटर धरा, मोठे तर याहून जास्त ढोसतात. लाख कूलर: रोज एक कोटी लिटर! वीस फूट रुंदीच्या, तीस फूट पाणी असलेल्या चाळीस विहिरी रोज कोरड्या! शंभर दिवसांत चार हजार विहिरी, म्हणजे एक दलघमी (दशलक्ष घनमीटर). काटेपूर्णा धरणाचा उपयुक्त साठा 86 दलघमी, त्यातला शंभरावा वाटा आणि वर थोडा, नुसता वाळ्याच्या ताट्यांतून उडाला.

पण बदल्यात? रोज 67 लाख युनिट उष्णता गायब! शेजारच्या पारसचं 500 मेगावॅटचं वीजकेंद्र पूर्ण ताकदीने चोवीस तास धडधडलं तरी एक कोटी वीस लाख युनिट काढतं. (उष्णतेचं युनिट आणि विजेचं युनिट एका तागडीत घालतोय, जाणकारांनी दोन मिनिटं डोळे मिटावेत.) कूलरच्या जाळ्यांतलं पाणी पारसच्या निम्म्याहून जास्त! तेवढी वीज तिथे करायची तर कोळशाची अख्खी मालगाडी भट्टीत घालून वर आणखी डबे लागतील, आणि लाख कूलरच्या मोटारी या साऱ्यासाठी दिवसाला घेतात फक्त दोन लाख युनिट.