सॉफ्टवेअरचा पत्ता

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव ज्योतिर्लिंगामुळे पूर्वीपासूनच प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असणार. अशाच अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. त्या दिवसाच्या नोंदी आज सर्वांना खुल्या आहेत. हिंगोलीच्या शाळेतील संगणकावरही त्या उतरवून घेता येतात.

पण त्या वाचायच्या कशाने? त्यासाठी आधी ‘पायथन’ आणि त्याची जोडसाधने संगणकात बसवावी लागतात. संशोधक त्यासाठी बहुधा ‘कोंडा’ नावाची व्यवस्था वापरतात. ती बसवताना प्रश्न येतो : कोणत्या फोल्डरमध्ये बसवू? पुष्कळजण न वाचताच ‘पुढे, पुढे’ करीत बटणे दाबतात आणि मग गुरुजींना हाक मारतात.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे पाहू. पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. ‘आमच्या घराला लागून असलेली विहीर’ हा झाला सापेक्ष पत्ता. ‘विहीर, अमुक गाव, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली’ हा पूर्ण पत्ता. बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी गेलात, तर पूर्ण पत्त्याने येणारे पत्र जुन्याच गावी जाईल! सॉफ्टवेअरमध्येही अनेक फाइलींत इतर फाइलींचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. म्हणून बसवलेले फोल्डर नुसते उचलून दुसरीकडे ठेवले, की पुष्कळदा ते चालेनासे होते.

आता तुम्ही विचाराल, पॅकेज तयार करणाऱ्याला तुमचा पत्ता आधीच कसा ठाऊक? तो ठाऊक नसतोच. कोंडाची पॅकेजे तयार करताना पत्त्याच्या जागी एक लांबलचक खोटा पत्ता भरतात. लिनक्सवर तो साधारणपणे २५५ अक्षरांचा असतो. बसवतेवेळी तो खोडून तेथे तुमच्या फोल्डरचा खरा पत्ता लिहिला जातो. यंत्रभाषेतील फाइलीची लांबी बदलून चालत नाही. म्हणून उरलेली जागा शून्यांनी भरून काढतात. कोऱ्या अर्जावर नावासाठी ऐसपैस जागा सोडावी, तसेच हे. मात्र खरा पत्ता त्या जागेपेक्षा लांब असेल, तर काम अडते.

आणखी एक अडचण आपल्याकडे हमखास येते. पत्त्यात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे नसावीत, असे कोंडाचे बसवणीसाधन बजावते. काही जुन्या आज्ञा मोकळी जागा दिसली की तेथेच पत्ता संपला असे समजतात. तुमच्या संगणकावरील वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल, तर तुमच्या फोल्डरच्या पत्त्यातही ते येते. अशा वेळी रोमन अक्षरांतील, एका शब्दाच्या नावाचे, तुम्हाला लिहिण्याची परवानगी असलेले फोल्डर निवडावे. तसे केल्यास प्रयोगशाळेच्या संगणकाचा व्यवस्थापकीय पासवर्डही सहसा लागत नाही.

‘झिप’ किंवा ‘टार’ गठ्ठ्यांत फाइलींचे पत्ते सापेक्ष असणे इष्ट. गठ्ठ्यात पूर्ण पत्ता असेल, तर उघडताना तुमचीच एखादी फाइल पुसली जायची भीती असते. म्हणून लिनक्सवरचा टार पत्त्याच्या आरंभीची तिरकी रेघ काढून टाकतो आणि तसे कळवतोही. अनोळखी गठ्ठा नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडावा; नाहीतर शेकडो फाइली इतस्ततः पसरतात आणि त्या वेचत बसण्यात दुपार जाते.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांना तर हेच सॉफ्टवेअर देशोदेशींच्या संगणकांवर लागते. त्यांनी वेगळी युक्ती वापरली. युरोपातील ‘सर्न’ संस्थेत तयार झालेल्या एका फाइल-व्यवस्थेतून सॉफ्टवेअर एकदाच, एका ठरलेल्या पत्त्यावर बसवले जाते. ही व्यवस्था जोडलेल्या प्रत्येक संगणकावर, मग तो कोणत्याही देशात असो, तोच पत्ता दिसतो. एखादी फाइल मागितली, की तेवढीच दुरून आणून दिली जाते.