वणव्याचें जळण व ज्वाळेचा अंदाज

होळी जवळ आली कीं नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांच्या डोंगरांवर रात्रीं तांबड्या रेघा दिसूं लागतात. रानाच्या कडेस ज्यांची जमीन आहे त्यांच्या मनांत त्या वेळीं एकच प्रश्न असतो : हा वणवा आपल्या गंजीपर्यंत व आंब्यांपर्यंत येईल काय ? पुष्कळ ठिकाणीं या प्रश्नाचें उत्तर दैवावर सोंपविलें जातें. परंतु वणवा कांहीं ठराविक नियमांनीं चालतो, आणि ते नियम शेतकऱ्यास सहज समजण्याजोगे आहेत. म्हणून त्यांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वणव्याच्या दोन जाती. — एक वणवा जमिनीवरून सरपटत जातो व गवत, पाचोळा, काटक्या खातो. दुसरा झाडांच्या शेंड्यांतून धांवतो. हा दुसरा प्रकार मुख्यतः सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलांत आढळतो. कारण तेथें पानें बारमाही झाडावर असतात व त्यांत राळही असते. कॅनडाच्या उत्तर भागांत फोर्ट प्रॉव्हिडन्स गांवाजवळ १९९७ ते २००० या वर्षांत शास्त्रज्ञांनीं जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून असे वणवे मोजले. अशा वणव्यांत जळतात तीं पानें व बारीक काटक्या. जाड खोडें करपून उभीं राहतात. तेव्हां शेंड्याचें जळण म्हणजे झाडाचें वजन नव्हे, तर पानांचें व काटक्यांचें वजन होय.

आपल्याकडील साग वणव्याच्या दिवसांत बहुधा निष्पर्ण असतो. शेंड्याचें जळण त्याच्या पायाशीं येऊन पडलेलें असतें. म्हणून आमच्या रानाचा अंदाज वर पाहून नव्हे, तर खालीं पाहून करावयाचा.

जळण मोजण्याची रीत. — एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट जमिनीवर ठेवावी. तींतील गवत, पाचोळा व करंगळीएवढ्या काटक्या गोळा करून, कडक उन्हांत वाळवून तोलाव्या. असें पांचसहा ठिकाणीं करून सरासरी काढावी. चौकटींत अर्धा किलो भरल्यास एकरीं सुमारें दोन टन जळण पडलें आहे असें समजावें. गवत व पाचोळा तासाभरांत हवेप्रमाणें सुकतो किंवा सर्द होतो. बोटाएवढ्या काटकीस दिवस लागतो. ओंडक्यास कित्येक आठवडे लागतात. सकाळीं दंवांत न पेटणारें कुसळी गवत दुपारीं भडकतें तें यामुळेंच. बारीक जळण बहुतेक सर्व जळून जातें. ओंडका मात्र कोरडा असल्यास आंतून धुमसत राहतो व दोन दिवसांनीं वारा सुटतांच आग पुन्हां उठवितो.

ज्वाळेचा हिशेब. — अमेरिकेच्या जॉर्ज बायरम यांनीं १९५९ सालीं सांगितलेला नियम असा कीं, जळणाची उष्णता, त्याचें वजन व आगीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे आगीचा जोर. कोरडें जळण किलोमागें सुमारें १८,००० किलोजूल उष्णता देतें. वर सांगितलेलें अर्धा किलो जळण घ्या. सपाटीवर, वारा नसतांना आग मिनिटास एक मीटर सरकली, तर जोर मीटरमागें १५० किलोवॅट व ज्वाळा सुमारें अडीच फूट. वाऱ्यानें वेग तिप्पट झाला, तर जोर ४५० व ज्वाळा चार फुटांवर. चार फुटांपर्यंतची ज्वाळा, म्हणजे सुमारें ३५० किलोवॅटपर्यंतचा जोर, माणसें हातच्या हत्यारांनीं समोरून थोपवूं शकतात. त्यापुढें समोर उभें राहणें जिवावरचें आहे.

चढाचीही गोष्ट लक्षांत ठेवावी. दर दहा अंश चढास आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. वीस अंशांच्या उतारावर खालून लागलेली तीच आग चौपट वेगानें वर जाते, व जोर ६०० किलोवॅट होतो. म्हणून पेटत्या उताराच्या वरच्या बाजूस कोणीही उभें राहूं नये.

आग झाडावर केव्हां चढते ? — कॅनडाच्या व्हॅन वॅगनर यांनीं १९७७ सालीं याचें गणित मांडलें. तें सूचिपर्णी झाडांचें आहे, तरी दिशा दाखविण्यास पुरेसें आहे. पानांत त्यांच्या कोरड्या वजनाइतकें पाणी असेल, तर दोन मीटरवरील फांद्या पेटण्यास सुमारें ४७५ किलोवॅट जोर लागतो. सहा मीटरवरील फांद्यांस सुमारें २,४७५. उंची तिप्पट झाली तर लागणारा जोर पांचपटींहून अधिक होतो. म्हणजे आमच्या उदाहरणांतील उतारावरची आग खालच्या फांद्यांस पोंचेल, उंच फांद्यांस नाहीं. घाणेरीचीं जाळीं, वाळक्या वेली आणि फुलोऱ्यानंतर मेलेली कारवी या तिच्या शिड्या होत. त्या तोडल्या म्हणजे आग जमिनीवरच राहते.

परंतु जमिनीवरची आग निरुपद्रवी समजूं नये. ती कोवळीं रोपें, चारा व कुजलेल्या पानांचें खत खाते. उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्या पावसांत ओढ्यांत जाते.

काय करावें. — राब भाजणारा शेतकरी हें शास्त्र हातानें जाणतोच : भोंवतालचा पाचोळा झाडून, वारा पाहून, उलट बाजूनें पेटवावें. हीच दक्षता बांधावरही घ्यावी. माघांतच रानाकडील बांधालगत पट्टा झाडून मोकळा करावा. आंब्यांच्या खालच्या वाळक्या फांद्या उतराव्या, गंज रानापासून दूर रचावी. राब सकाळीं वारा पडला असतां भाजावा, व राख थंड होईपर्यंत जागा सोडूं नये. राखीव जंगलांत आग लावणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. ज्यांस त्या जंगलांत हक्क आहेत त्यांनीं आग विझविण्यास मदत करणेंही बंधनकारक आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्यानें वणव्यांच्या सूचना देत आली आहे. परंतु उपग्रह आग लागल्यावर सांगतो. ती किती पेटेल हें आपल्या बांधाजवळची काठ्यांची चौकट व तराजू आधीं सांगतात. फाल्गुन लागण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां तें वजन करून पाहावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.