तळेगावचा अनुत्तरित प्रश्न : कुजबुज आणि पुरावा

माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी तळेगाव दाभाडे येथे झाला. नेहमीप्रमाणे ते फिरायला बाहेर पडले होते. घरापासून थोड्याच अंतरावर चेहरे झाकलेल्या हल्लेखोरांनी त्यांना गाठले आणि धारदार शस्त्रांनी वार केले. शेट्टी तेव्हा चाळिशीच्या आतले होते. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी आदल्याच वर्षी पोलीस संरक्षण मागितले होते. या घटनेला दीड दशकाहून अधिक काळ लोटला. ग्रामीण पोलिसांचा तपास झाला, सीबीआयचा झाला, अटका झाल्या, जामीन झाले. परंतु या खुनासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

मात्र तळेगावात, वडगावात किंवा चाकणच्या नाक्यावर हा विषय काढून पाहा. खून कोणी केला, कोणी करविला आणि का करविला, याचे उत्तर देणारा माणूस हमखास भेटतो. प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते आणि प्रत्येकाची खात्री मात्र सारखीच पक्की असते. ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ आणि ‘न्यायालयात सिद्ध झाले आहे’ या दोन वाक्यांमध्ये एवढे अंतर का पडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण हे अंतर केवळ पोलिसांच्या अपयशामुळे पडत नाही. त्याला आपल्या बोलण्याचाही हातभार लागतो.

जमिनीचा भाव आणि तर्काची सुपीक भूमी

हा खून ज्या परिसरात झाला, तो परिसर आधी लक्षात घेतला पाहिजे. तळेगाव हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव, १९०८ मध्ये सुरू झालेल्या पैसा फंड काच कारखान्याचे गाव. निवृत्त मंडळींनी चांगल्या हवेसाठी निवडावे असे ते होते. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाला आणि चित्र पालटले. तळेगावजवळ जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये, तर चाकणला फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी मावळ आणि खेड तालुक्यांच्या दिशेने पसरू लागली. ज्या माळावर गुरे चरत होती, त्याला अचानक मोल आले.

जमिनीला मोल आले की तिच्या कागदाला त्याहून अधिक मोल येते. सातबारा, फेरफार, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, वतन, इनाम, गायरान हे शब्द घरोघरी बोलले जाऊ लागले. एकाच जमिनीचे दोन मालक निघणे, मृत व्यक्तीच्या नावाने सही होणे, सरकारी जमीन खासगी म्हणून विकली जाणे, अशा तक्रारी सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. अशा ठिकाणी प्रत्येक मोठ्या व्यवहारामागे काहीतरी काळेबेरे असणार, हे लोक गृहीतच धरतात. पुष्कळदा ते खरेही असते. त्यामुळे जमिनीच्या प्रश्नांवर लढणारा माणूस मारला गेला, तर कारण शोधायला कोणाला लांब जावे लागत नाही. उलट कारणे फार होतात, आणि अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

शेट्टी यांनी एक नव्हे, अनेक प्रकरणे हाती घेतली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये मावळातील ताजे आणि पिंपळोली या गावांतील जमिनींच्या खरेदीत बनावट कागदपत्रांचा वापर झाल्याची त्यांची तक्रार लोणावळा पोलिसांनी नोंदवून घेतली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांचा खून झाला. दोन घटना इतक्या जवळ आल्यावर त्यांचा संबंध जोडला जाणे स्वाभाविक होते. त्या दिशेने तपास होणेही आवश्यक होते. परंतु त्या तक्रारीचा आणि खुनाचा संबंध आजवर न्यायालयात सिद्ध झालेला नाही. ज्याने अनेकांना दुखावले, त्याच्या खुनात हेतू असणारे अनेक असू शकतात. हेतू असणे आणि कृत्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासाचा वळणावळणाचा मार्ग

खुनाच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुणे ग्रामीण पोलिसांनी पहिल्या काही दिवसांत संशयितांना अटक केली, पण त्या अटकांतून खटला उभा राहिला नाही. एप्रिल २०१० मध्ये तपास सीबीआयकडे आला. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, खटला चालविण्याजोगा पुरावा नसल्याचे सांगून सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. पुढे जमीन प्रकरणाचा तपास नव्याने सुरू झाला आणि खुनाची फाइलही पुन्हा उघडली. एप्रिल २०१६ मध्ये सीबीआयने दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक केली. मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही आणि ते जामिनावर सुटले. एप्रिल २०१८ मध्ये सीबीआयने दुसऱ्यांदा प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला.

या प्रत्येक वळणावर लोकांनी आपापला अर्थ काढला. अटक झाली तेव्हा ‘आम्ही म्हणत होतोच’ असे उद्गार निघाले. जामीन मिळाला तेव्हा ‘सगळे मॅनेज झाले’ असा निष्कर्ष निघाला. कायद्याच्या भाषेत या घटनांचा अर्थ याहून मर्यादित असतो. अटक म्हणजे संशय. तो अपराधाचा निवाडा नव्हे. गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क असतो. त्यातून त्याचे निर्दोषत्वही सिद्ध होत नाही आणि न्यायालयाची कृपादृष्टीही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की तपास यंत्रणा त्या मुदतीत आपले काम पुरे करू शकली नाही.

प्रकरण बंद करण्याच्या अहवालाबाबतही मोठा गैरसमज आहे. असा अहवाल हे तपास यंत्रणेचे मत असते, निकाल नव्हे. तो स्वीकारायचा की नाकारायचा हे न्यायालय ठरवते. फिर्यादी त्याविरुद्ध हरकत घेऊ शकतो. न्यायालय पुढील तपासाचा आदेश देऊ शकते किंवा उपलब्ध कागदपत्रांवरून थेट खटल्याची दखल घेऊ शकते. नोएडातील आरुषी तलवार प्रकरणात सीबीआयने डिसेंबर २०१० मध्ये दिलेला असाच अहवाल न्यायालयाने स्वीकारला नव्हता. शिवाय खुनाच्या गुन्ह्याला कालमर्यादेचे बंधन नाही. नवा पुरावा वीस वर्षांनी मिळाला तरी दार उघडू शकते.

पुरावा कशाला म्हणतात

लोकांच्या तर्काचा पाया बहुधा एकच असतो : फायदा कोणाचा झाला? प्रश्न योग्य आहे, पण तो तपासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल, तर परिस्थितीजन्य पुराव्यावर खटला उभा करावा लागतो. त्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात घालून दिले. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, सर्व दुवे मिळून अखंड साखळी झाली पाहिजे आणि त्या साखळीतून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताही सयुक्तिक निष्कर्ष निघता कामा नये. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

ऐकीव गोष्टीला न्यायालयात सहसा स्थान नसते, याचे कारणही व्यवहारी आहे. सांगणाऱ्याची उलटतपासणी करता येते. त्याला ज्याने सांगितले त्याची करता येत नाही. सत्यशोधनाचा राजमार्ग मानल्या गेलेल्या पॉलिग्राफ आणि नार्को चाचण्यांनाही मर्यादा आहेत. संमतीवाचून अशा चाचण्या करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये दिला. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही तेवढ्यावर पुरावा ठरत नाही.

बोलण्याची किंमत

छोट्या गावातील न उलगडलेला खून जगभर असेच तर्क जन्माला घालतो. स्कॉटलंडमधील नेर्न या समुद्रकाठच्या गावात २८ नोव्हेंबर २००४ रोजी संध्याकाळी एका बँक अधिकाऱ्याला त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याने आधी दार वाजवून त्याचे नाव विचारले आणि ‘पॉल’ असे लिहिलेले एक लिफाफा त्याच्या हाती दिला. काही दिवसांनी पिस्तूल जवळच्या गटारात सापडले. बँकेतील कर्जव्यवहार, चुकीच्या माणसावर झालेला हल्ला, शेजारच्या हॉटेलच्या बांधकामावरून झालेला वाद, असे किती तरी तर्क तेथे वर्षानुवर्षे मांडले गेले. एका लिफाफ्यावरच्या एका शब्दावर गावाने आणि पुढे देशाने सुतावरून स्वर्ग गाठला.

असे तर्क निरुपद्रवी असतात, असे मानणे चूक ठरेल. पहिली हानी साक्षीदारांच्या स्मृतीची होते. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९७४ पासून केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले, की घटनेनंतर कानावर पडलेले शब्द माणसाच्या आठवणीत मिसळतात. प्रश्नातील एक क्रियापद बदलले, तरी मोटारींचा वेग किती होता याचे उत्तर बदलते. पहाटे रस्त्यावर काहीतरी पाहिलेल्या माणसाने दहा वर्षे चहाच्या टपरीवर त्याच खुनाची चर्चा ऐकली, तर त्याने पाहिलेले काय आणि ऐकलेले काय हे त्यालाही सांगता येणार नाही.

दुसरी हानी निरपराधांची होते. आरुषी प्रकरणात २००८ पासून दूरचित्रवाहिन्यांवर चाललेल्या तर्कांनी एका कुटुंबाचे चारित्र्यहनन केले. आई-वडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. तोवर जे बोलले गेले ते परत घेता येण्याजोगे नव्हते. तिसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ असे वातावरण झाले, की ज्याला खरोखर काही ठाऊक आहे तो गप्प बसतो. आपण आणखी काय सांगणार, आणि सांगून वैर कशाला घ्यायचे, असे त्याला वाटते. बोलणारे शंभर होतात, पण जबाब देणारा एक मिळत नाही.

तरीही लोकांच्या बोलण्याला सरसकट अफवा म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. लोक बोलतात, कारण सांगायला जबाबदार माणूस पुढे येत नाही. तपास वर्षानुवर्षे चालतो, दोनदा बंद होतो आणि गावाला कारण कळते ते वृत्तपत्रातील चार ओळींतून. पोकळी राहिली की ती कुजबुजीने भरते. शिवाय या बोलण्यामुळेच प्रकरण विस्मृतीत गेले नाही. शेट्टी यांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला, माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी स्मृती जागी ठेवली, हे नाकारता येत नाही. शेट्टी यांच्या मृत्यूनंतर जागल्यांच्या संरक्षणाच्या मागणीला बळ मिळाले. संसदेने २०१४ मध्ये तसा कायदाही केला; मात्र पुढील कित्येक वर्षे त्याच्या अंमलबजावणीची अधिसूचनाच निघाली नाही.

जुनी प्रकरणे उलगडत नाहीत असेही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी, असाच सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी झाला. आरंभीचा तपास भरकटला. खरा धागा २०१८ मध्ये नालासोपारा येथील शस्त्रसाठ्याच्या वेगळ्याच प्रकरणातून हाती आला. १० मे २०२४ रोजी पुण्यातील न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची मुक्तता केली. प्रकरण पुढे सरकले ते शस्त्रे, ओळख आणि जबाब यांमुळे. आणि ज्यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा ठरला नाही, ते त्याच निकालाने सुटले.

शेट्टी यांची पद्धत

सतीश शेट्टी यांच्या कामाकडे पाहिले तर या साऱ्या गुंत्यातून एक वाट दिसते. जमिनीच्या गैरव्यवहारांची कुजबुज मावळात त्यांच्या आधीही होती. अमक्याने तमक्याची जमीन लाटली, हे पारावर बसून बोलणारे पुष्कळ होते. माहिती अधिकाराच्या मार्गाने जाणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. ज्या कार्यालयात मूळ कागद आहे तेथे अर्ज करावा लागतो, प्रत मिळवावी लागते, ती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावी लागते आणि मग स्वतःच्या सहीने तक्रार करावी लागते. ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्याने सामान्य माणसाच्या हाती दिलेले खरे बळ हेच होते. ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांच्या जागी दस्त क्रमांक आणि तारीख लिहिता येऊ लागली. कुजबुजीला भिण्याचे कारण कोणाला नव्हते. भीती वाटावी ती कागदाची.

म्हणून त्यांच्याच खुनाचा प्रश्न पुन्हा ‘असे म्हणतात’ या शब्दांपाशी येऊन थांबावा, ही खेदाची गोष्ट आहे. तपास यंत्रणेने दोन अहवालांमागची कारणे लोकांना समजतील अशा भाषेत सांगितली, तर निम्मी कुजबुज आपोआप शमेल. आणि तळेगावात आजही कोणाला काही प्रत्यक्ष ठाऊक असेल, तर त्याने जे पाहिले तेवढेच, ऐकलेले बाजूला ठेवून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदविण्याचा मार्ग कायद्याने खुला आहे. २०१८ पासून तळेगाव पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आले, कारखान्यांचे मालक बदलले, माळांवर इमारती उभ्या राहिल्या. तो एक जबाब मात्र अजून लिहिला जायचा आहे.