हारतुऱ्यांनंतर

पंधरा ऑगस्टची सकाळ डोळ्यांपुढे आणा. मोहाडी तालुक्यातले करडी घ्या, शेजारचे पालोरा घ्या, नाही तर भंडारा जिल्ह्यातले तुमचे स्वतःचे गाव घ्या. धानाची रोवणी आटोपत आलेली आहे. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होते, मुलांची कवायत होते, आणि मग गुरुजी हातात कागद घेऊन उभे राहतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींची नावे ते वाचू लागतात. एकेक मूल पुढे येते. सरपंच पुष्पगुच्छ देतात, टाळ्या होतात, आणि मागे उभी असलेली माय पदराने डोळे पुसते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी छापून येतात. गावाला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

मला आज त्यापुढचे सांगायचे आहे. पुष्पगुच्छ सुकल्यावर त्या मुलाचे काय होते? आठवीत नाव काढलेली मुलगी चार वर्षांनी कॉलेजात दिसते, की दहावीनंतर घरीच बसते? आपण टाळ्या वाजवून घरी जातो आणि समजतो की, शिष्यवृत्ती मिळाली, आता पोरीची काळजी मिटली. खरी गोष्ट अशी की, परीक्षेत निवड झाली तेव्हा निम्मेच काम झालेले असते. उरलेले निम्मे काम कागदपत्रांचे असते, आणि त्यात गावाने मदत केली नाही तर हुशार मूलसुद्धा मागे पडते.

आधी या परीक्षा कोणत्या, ते नीट समजून घेऊ. पहिली आपल्या ओळखीची, राज्य शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ही परीक्षा चौथीत आणि सातवीत दिली असेल. पुढे २०१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचा निर्णय शासनाने केला. म्हणून थोरल्या भावाने कोणत्या वर्गात दिली होती, यावर विसंबू नका. आपले मूल चौथीत गेले की, यंदा परीक्षा कोणत्या वर्गाला आहे, हे शाळेत जाऊन विचारा.

दुसरी परीक्षा अजून पुष्कळ घरांना ठाऊक नाही. तिचे नाव मोठे लांबलचक आहे : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती. ही केंद्र शासनाची योजना २००८ साली सुरू झाली. गरीब घरची हुशार मुले आठवीनंतर शाळा सोडतात, ती बारावीपर्यंत टिकावीत, एवढाच तिचा हेतू. परीक्षा आठवीत द्यायची आणि पैसे नववी ते बारावी अशी चार वर्षे मिळायचे. आरंभी दरमहा ५०० रुपये मिळत. २०१७ पासून दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे झाले ४८,००० रुपये. धानाच्या दोन बांध्या आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी, यांवर ज्याचे घर चालते, त्याला या रकमेची किंमत सांगावी लागत नाही.

हिच्या अटीही सोप्या शब्दांत सांगतो. मूल शासकीय, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे असावे. सातवीत निदान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. आईवडिलांचे सर्व मिळून वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. परीक्षेला दोन पेपर असतात. एक बौद्धिक क्षमतेचा आणि दुसरा शाळेत शिकविलेल्या विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित या विषयांचा. प्रत्येकात ९० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट! हुशारीबरोबर हाताला सवय लागते ती यासाठीच. संख्यांची मालिका, आकृत्यांतील साम्य, सांकेतिक भाषा असले प्रश्न मुलाने परीक्षेच्या दिवशीच प्रथम पाहिले तर ते गांगरते. सातवीच्या उन्हाळ्यापासून रोज अर्धा तास सराव केला तर तेच मूल हसतखेळत सोडविते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या परीक्षेत उत्तीर्ण होणे वेगळे आणि निवड होणे वेगळे. जागा ठरलेल्या असतात. साऱ्या देशात मिळून दर वर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, आणि त्यांतून राज्याच्या वाट्याला येतात तेवढ्याच. गुणांच्या क्रमाने नावे लागतात. तेव्हा एखादे मूल उत्तीर्ण होऊनही निवडीच्या यादीत नसेल, तर त्याला रागावू नका, आणि शाळेवरही रुसू नका.

आता आपण मूळ मुद्द्यावर येऊ. समजा, आपल्या गावातल्या एका मुलीची निवड झाली. तिचे पैसे पुढे कुठे अडतात?

पहिली अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. माणसाला कळते की मुलगी एकच आहे. यंत्राला कळत नाही. म्हणून मूल सातवीत असतानाच हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर दुरुस्तीला तेव्हा वेळ असतो. निकालानंतर तो राहत नाही.

दुसरी अडचण खात्याची. पैसे आता थेट मुलाच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी खाते आधारशी जोडलेले तर हवेच, शिवाय सरकारी रक्कम कोणत्या खात्यात घ्यायची याची नोंदही बँकेत झालेली हवी. पुष्कळदा असे होते की, मुलाचे आधी एक खाते असते, मग कोणी तरी दुसऱ्या बँकेत दुसरे काढून देते आणि नोंद नव्या खात्याकडे जाते. पैसे तिकडे जमा होतात आणि आईवडील मात्र जुन्या पासबुकावर शिक्के मारून घेत राहतात. मग म्हणतात, शिष्यवृत्ती आलीच नाही हो!

तिसरी अडचण अर्जाची. परीक्षेचा अर्ज शाळा भरते; पण निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संगणकीय दालनात मुलाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. तो आधी शाळेकडे पडताळणीसाठी जातो, आणि शाळेने मान्य केल्यावर जिल्ह्याकडे जातो. दोन्ही ठिकाणी मुदती असतात. अर्ज भरला म्हणजे झाले, असे समजू नका. तो शाळेतून पुढे गेला का, हे आठ दिवसांनी विचारा. घरी संगणक नसतो, म्हणून आपण सेवा केंद्रात जातो. तिथे घाईत केंद्र चालविणाऱ्याचाच मोबाईल नंबर अर्जात घातला जातो. पुढच्या वर्षी संकेतांक त्या नंबरावर येतो, आणि तो माणूस तोवर कुठे असेल कोण जाणे. नंबर घरचाच द्या, आणि नोंदणी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चौथी अडचण सर्वांत मोठी, कारण ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. हा अर्ज दर वर्षी नव्याने चालू करावा लागतो. नववीत भरला आणि दहावीत विसरला, की त्या वर्षीचे पैसे हातचे गेले. शिवाय अकरावीत शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीत निदान ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना इथेही ५ टक्क्यांची सवलत आहे. आणि अकरावीचा प्रवेश शासकीय किंवा अनुदानित ठिकाणीच हवा. कोणाच्या सांगण्यावरून मुलाला विनाअनुदानित कॉलेजात घातले, तर शिष्यवृत्ती तिथेच थांबते. प्रवेश घेण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढे सारे एका खेड्यातल्या आईबापांनी कसे ध्यानात ठेवावे? प्रश्न खरा आहे. म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला होता. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुस्तक दिले आणि गुरुजी घरी गेले, एवढ्यावर हे थांबले नाही. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्याच गुरुजींनी भीमरावांना बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेल. बुद्धी भीमरावांची, पैसा महाराजांचा. पण त्या दोहोंची गाठ घालून देणारा एक शिक्षक मधे होता. आपल्या गावातल्या मुलाला तो आहे का?

बारावीनंतरच्या वाटाही आधीपासून ठाऊक असाव्यात. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त, भटके, इतर मागास अशा वर्गांच्या मुलांसाठी दहावीनंतरच्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज राज्याच्या महाडीबीटी दालनात होतो. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-सवलत आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉक्टर पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्याजेवण्यासाठी स्वाधार योजना आहे. बारावीत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांना केंद्राकडून पदवीची तीन वर्षे दर वर्षी १२,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाखांची आहे.

मुलींच्या बाबतीत तर मोठा बदल झाला आहे. ज्या घराचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. ‘पोरीला शिकवायचे आहे, पण फी कुठून आणू’ असे म्हणणाऱ्या बापापर्यंत ही बातमी पोचली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला लागू पडणारी आणखी एक योजना आहे. घरी कोणी बिडी कामगार असेल, किंवा तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गसारख्या मँगनीजच्या खाणीत कामाला असेल, तर अशा कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याकडून पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. बिडी कामगाराचे ओळखपत्र घरातल्या पेटीत नुसते पडून असेल, तर ते बाहेर काढा.

यांपैकी दोन योजना एकाच वेळी घेता येतात की नाही, हे ज्या त्या योजनेच्या अटीत पाहावे. आणि व्यावसायिक शिक्षणाचा विचार असेल, तर जातपडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करून ठेवावा. प्रवेशाच्या आठवड्यात ते काम होत नसते.

मग गावाने काय करावे? फार मोठे काही नको. ग्रामपंचायतीच्या फळ्याचा एक कोपरा शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवा आणि त्यावर अर्जाची शेवटची तारीख ठळक अक्षरांत लिहा. गावातली कॉलेजात शिकणारी दोन मुले निवडा. सुट्टीत ती घरी येतात, तेव्हा आठवी ते बारावीच्या निवड झालेल्या मुलांची यादी घेऊन प्रत्येकाचा अर्ज कुठवर गेला, एवढे त्यांनी पाहावे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकट्या आईला मजुरी बुडवून मोहाडीच्या खेपा घालाव्या लागू नयेत. चार घरांचे काम एकाने एकाच खेपेत करावे. आणि पुढच्या पंधरा ऑगस्टला नवी नावे वाचून झाली की, गुरुजींनी मागच्या वर्षीची यादीही वाचावी : अमक्याचा अर्ज पुढे गेला, अमकीचे पैसे जमा झाले, तमक्याचे अडले आहे, कोण मदत करील?

धान पिकविणाऱ्या माणसाला हे मी काय शिकवावे! पऱ्हे कितीही हिरवेगार उगवले, तरी रोवणी वेळेवर झाली नाही तर ते जागच्या जागी पिवळे पडते, आणि रोवणी एकट्यादुकट्याने होत नाही. सारी माणसे बांधीत उतरतात, तेव्हाच ती होते. आपल्या शाळेतले पऱ्हे चांगले आले आहे. आज संध्याकाळी शेजारच्या आठवीतल्या मुलाला हाक मारा आणि त्याला एवढेच विचारा, ‘बाळ, तुझा अर्ज भरला का?’